ढालकिड्याची पोरं

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की आमच्याकडे एकच इलाज होता, जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. रविवारी सकाळी चहा झाला की मी गच्चीत पाट घेऊन बसायचे आणि एकेक फांदी धरून पांढरं घासून काढायचे. त्या पांढऱ्यात काही दाणे बारीक असायचे, तांदळाच्या कणीएवढे, आणि काही चांगले सेंटिमीटरभर लांब, अंगावर लोकरीच्या झिपऱ्या लोंबणारे. मला वाटायचं हे मोठे म्हणजे यांचे आजे-पणजे, सगळी पिलावळ यांचीच, म्हणून मी आधी मोठे वेचून वेचून साबणाच्या मगात टाकायचे. दोन वर्षं हे केलं. जास्वंद काही सुधारली नाही, कळ्या पिवळ्या पडून गळतच राहिल्या.

मग एका रविवारी लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेलं भिंग गच्चीतच राहिलं होतं, सहज डोळ्याला लावून बघितलं तर मोठा पांढरा चालत होता. पिठ्या ढेकूण असा चालत नाही, तो एका जागी सोंड खुपसून बसला की बसला. हा मात्र झिपऱ्या सावरत भराभर फांदीवरून आला, पिठ्याने कापसासारख्या पुंजक्यात अंडी घातली होती त्यात डोकं घातलं, आणि डोकं बाहेर काढलं तेव्हा तोंडाशी एक पिवळसर अंडं होतं. ते हळूहळू चेपत गेलं, दुधाची पिशवी रिकामी होताना चेपते तसं. मग दुसरं. मग तिसरं. मी किती वेळ वाकून बसले होते माहीत नाही, मान अवघडली. शेजारी मग होता आणि त्यात त्याच सकाळी टाकलेले अकरा 'मोठे' तरंगत होते.

ते पिठ्या ढेकूण नव्हतेच. क्रिप्टोलेमस नावाचा एक भुंगेरा आहे, ढालकिड्यांच्याच, म्हणजे लेडीबगच्याच कुळातला, त्याची ती अळी. मोठेपणी हा जेमतेम 4 मिलिमीटरचा, काळसर पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा होतो, आणि लहानपणी मात्र हुबेहूब आपल्या शिकारीसारखा दिसतो, अंगावर तसंच मेण, तशाच पांढऱ्या झिपऱ्या. पिठ्याची राखण करणाऱ्या मुंग्यांपासून त्याला या मेणाचा बचाव मिळतो. मुंग्या फसतात तशी मीही फसले होते, फरक एवढाच की मुंग्या त्याला नुसतं सोडून देतात, मी मारत होते. म्हणजे दोन वर्षं मी दर रविवारी जास्वंदीची औषधं वेचून फेकत होते आणि रोग तेवढा ठेवत होते. त्या दिवशी फार वाईट वाटलं मला. अजून वाटतं.

तेव्हापासून मित्रकीटकांबद्दल कुणी बोलायला लागलं की मी आधी विचारते, त्यांची पोरं ओळखता का? कारण मित्रकीटक म्हणलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो लाल-केशरी गोल ढालकिडा येतो, पाठीवर काळे ठिपके, लेडीबग, लहान मुलांच्या छत्रीवर असतो तो. त्याला कुणीच मारत नाही. हातावर घेतात, फोटो काढतात. पण त्याची अळी दिसली की "ई, हे काय" म्हणून चप्पल. आणि काम बघायला गेलं तर वाढत्या वयाची भूक अळीलाच असते, खा खा सुटलेली असते नुसती.

ढालकिड्याची अळी म्हणजे सुसरीचं पिल्लू समजा, बोटाच्या नखावर मावेल एवढं. काळी-करडी, अंगावर खरबरीत उंचवटे, बाजूला पिवळे किंवा नारिंगी ठिपके, पुढे सहा पाय आणि मागे निमुळती शेपूट. भराभर पळते. तीन वेळा कातडी बदलत वाढते आणि मग पानाला शेपटी चिकटवून गोळा होऊन बसते, तो कोष. हा कोष पक्ष्याच्या विष्ठेसारखा किंवा पानावरच्या रोगाच्या फोडासारखा दिसतो, माझी आई तो नखाने खरवडून काढायची, झाड स्वच्छ ठेवायची तिची सवय. अंडी पिवळीधमक, पानाच्या खालच्या अंगाला उभी रचून ठेवलेली, वीस-तीसची जुडी. ऊबदार हवेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात.

क्रायसोपाची अंडी तर मी बुरशी समजून पुसून टाकलेली आहेत. केसासारखा बारीक पांढरा देठ, त्याच्या टोकाला खसखशीएवढं हिरवट अंडं, पानावर असे पाच-सहा देठ उभे. अंडं देठावर का, तर आधी निघालेलं भावंड बाकीच्यांना खाऊन टाकेल म्हणून, एवढी भूक घेऊन ही पोरं जन्माला येतात. मोठा झालेला क्रायसोपा म्हणजे हिरव्या जाळीदार पंखांचा नाजूक पतंगासारखा जीव, रात्री ट्यूबलाइटपाशी येतो, डोळे सोनेरी. त्याच्या अळीला पुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे असतात, ते माव्यात, म्हणजे झाडाचा रस पिणाऱ्या इवल्या किड्यात, खुपसून त्याला उचलून धरते आणि पिऊन टाकते. काही जातींच्या अळ्या खाऊन झालेल्या माव्यांची सालपटं पाठीवर लादून हिंडतात, पानावर कचऱ्याचा ढीग चालताना दिसला तर तो झटकू नका.

आणि सिरफिड माशी. ही मधमाशीसारखी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, पण चावत नाही, फुलासमोर हवेत एका जागी खिळल्यासारखी थांबते, मग सटकन बाजूला सरकते. तिची अळी बिनपायाची, हिरवट, चपटी, इवल्याशा गोगलगाईसारखी, माव्याच्या गर्दीतून डोकं इकडेतिकडे फिरवत चाचपत जाते. कोबी-फ्लॉवर निवडताना ही सापडली की आपण किळस करून नळाखाली धरतो.

---

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, उसाचं गाव. 2002 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, महाराष्ट्रात तोवर कुणी बघितलाच नव्हता. मी तेव्हा कॉलेजला होते, सुट्टीला घरी गेले तर उसात शिरलं की अंगावर कापूस पिंजल्यासारखं पांढरं पडायचं, केसात, पदरावर, जेवणाच्या डब्यात. पानाच्या पाठीमागे मधल्या शिरेला धरून पांढरीशुभ्र लोकर, आणि त्यातून चिकटा गळून खालच्या पानांवर पडायचा, त्यावर काळी बुरशी. वरून पांढरं, खालून काळं. उसाची पानं चुलीतून काढल्यासारखी दिसायची. कारखान्याचे लोक यायचे, विद्यापीठाचे यायचे, गावात रोज सभा.

ऊस डोक्याच्या वर गेलेला. त्यात फवारणी करायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पाठीवर पंप, आत वारा नाही, पाचट पायात, पानांच्या कडांनी हात-गाल कापतात, आणि वर मारलेलं औषध सगळं तोंडावर येतं. आमचे आप्पा दोन वेळा आत गेले, दुसऱ्या वेळी बाहेर आले ते बांधावरच बसले, ओकले, डोळे लाल. आईने लिंबू-पाणी दिलं, रडत होती. आप्पा म्हणाले, "आगं, औषध मारून मारून मानूस मरंल, ह्यो न्हाई मरायचा."

त्यानंतर काही दिवसांनी कुणीतरी सांगितलं की माव्याच्या लोकरीत एक अळी दिसायला लागलीय, जाळं करून राहते आणि मावा खाते. तिला तेव्हा सगळे कोनोबाथ्रा म्हणायचे, शास्त्रीय पुस्तकात आता तिचं नाव डिफा आहे. दुसरा मायक्रोमस, क्रायसोपाचाच तपकिरी चुलतभाऊ. हे दोघं कुठून आणलेले नव्हते, आपल्याकडेच होते, मावा वाढला तसे त्याच्या मागून वाढले. मग शिफारस आली, हेक्टरी कोनोबाथ्राच्या 1000 अळ्या नाहीतर मायक्रोमसच्या 2500 सोडा आणि सोडल्यावर फवारणी बंद. कारखान्यांनी शेडनेटमध्ये त्यांची पैदास केली, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्यावर पुष्कळ काम केलं. पण आमच्या गावात त्या अळ्या मुख्यतः माणसांनीच वाहिल्या. ज्याच्या शेतात दिसल्या त्याच्याकडून पानांचे तुकडे कापून न्यायचे. आप्पांनी ओल्या पोत्यात गुंडाळून लुनावरून असे तुकडे आणलेत, दुसऱ्या गावच्या मामांकडून, आणि उसाच्या पानांना सुतळीने बांधलेत. मी बरोबर होते. बांधताना ते एकेक पान उलटं करून बघायचे, अळी आहे का, आणि दिसली की "हाय गं, हाय" म्हणायचे, नवजात बाळ बघायला गेल्यावर बायका म्हणतात तशा आवाजात.

लगेच काही झालं नाही. आठ दिवस गेले, दहा गेले, मावा तसाच. शेजारचे म्हणायचे, किड्याने कधी किडा जातोय होय. आप्पा रोज सकाळी उसात जायचे, पान उलटं करून बघायचे, यायचे, काही बोलायचे नाहीत. कोपऱ्यात पंप होता. त्याच्याकडे बघायचे आणि चहा प्यायचे. महिना-सव्वा महिन्याने पानाच्या पाठीमागची लोकर फाटायला लागली, ठिगळं पडल्यासारखी, आणि नवीन पोगा हिरवा निघाला.

त्या महिन्याभरात आप्पांनी पंपाला हात लावला नाही ही मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. कर्ज होतं, ऊस सोडून दुसरं काही नव्हतं, आणि ते थांबले.

---

गच्चीतल्या बारा-पंधरा कुंड्यांची आणि दोन एकर उसाची तुलना होत नाही हे मला माहितीये. पण थांबण्याचं काम दोन्हीकडे सारखंच आहे आणि अवघड तेच आहे. हिवाळ्यात आभाळ येतं, दोन दिवस ढगाळ राहतं आणि वालाच्या वेलाच्या शेंड्यावर मावा पडतो. काळा, चकचकीत, एकाला एक चिकटून, कोवळ्या देठाला मोजा घातल्यासारखा. हा इतक्या वेगाने का वाढतो याचं कारण ऐकलं तेव्हा मी थक्क झाले. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही, ती अंडी न घालता सरळ पिल्लं देते, आणि तिच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू तयार व्हायला लागलेलं असतं. आजी, आई, नात एकाच अंगात. आठ-दहा दिवसांत नवीन जन्मलेली स्वतः बाळंत होते. ढालकिड्याला तीन आठवडे लागतात. म्हणजे मावा कायम पुढे असणार, हे निसर्गाचं वेळापत्रकच आहे, आधी मावा येणार, मग त्याचा वास घेत खाणारे येणार, मग त्यांची अंडी, मग त्यांची पोरं, आणि मग कुठे खाणं सुरू होणार. हे मधले दहा-पंधरा दिवस झाड वाईट दिसतं. शेंडे मुडपतात, पानं चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते, येणारा-जाणारा म्हणतो "अगं काहीतरी मार की." आणि नेमकं याच दिवसांत आपण मारतो, म्हणजे मदत दाराशी आलेली असताना दार लावून घेतो.

आणि मला हे पटायला वेळ लागला पण आता मी अगदी ठामपणे सांगते, बागेत थोडा मावा असायलाच पाहिजे. सगळा मावा गेला तर ढालकिडा काय खाणार, तो निघून जाणार, आणि पुढच्या वेळी मावा पडेल तेव्हा त्याला परत यायला परत पंधरा दिवस. म्हणून मी एका कोपऱ्यातल्या कुंडीत चवळी लावते ती खाण्यासाठी नाही, माव्यासाठी लावते. कापसाच्या शेतात बांधाला चवळी-मका लावायला सांगतात त्यामागे हेच आहे, चवळीवर मावा येतो, त्यावर ढालकिडे जमतात, आणि तिथून कापसावर जातात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने झुरळं-डासांसाठी कुणाला तरी बोलावलं होतं. मी ऑफिसला. त्या माणसाने चांगुलपणाने माझ्या कुंड्यांवरही औषध मारलं, वॉचमनला सांगून गेला की मॅडमच्या झाडांना किडे होते, साफ केलेत. संध्याकाळी आले तर खाली फरशीवर सगळं पडलेलं, मावा तर होताच, पण ढालकिडे उताणे, त्यांच्या अळ्या, दोन कोळी, एक खंडोबाचा किडा पाय दुमडून. मी केरसुणीने भरायला गेले आणि भरवेना. पुढे काय झालं ते ऐका. बारा-तेरा दिवसांत मावा परत आला, आणि असा आला की मी वालाचा वेल मुळासकट काढून टाकला. कारण कुठेतरी देठाच्या बेचक्यात चार-दोन मावे वाचले होते, त्यांना आता खाणारं कुणीच नव्हतं. औषधाने दोघंही मरतात, पण मागे राहिलेल्या एका माव्याचे शंभर व्हायला जितके दिवस लागतात तितक्यात ढालकिड्याचं एक अंडंही धड मोठं होत नाही.

हे फक्त कुंड्यांचं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती बातमी वाचताना मला बांधावर बसलेले आप्पा दिसत होते. कापूस त्या वर्षी उंच झाला होता, माणसाच्या डोक्याइतका, औषध सगळं श्वासात. फवारणारे बरेचसे मजुरीवर गेलेले, शेत त्यांचं नव्हतं, अळीही त्यांची नव्हती. कीड दिसली की मारायचं, आणि नाही मेली की आणखी जहाल मारायचं, या सवयीची किंमत कोण देतं ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

---

आता गच्चीतलं थोडं. मला विचारणारे बहुतेक जण हेच विचारतात की हे किडे विकत कुठे मिळतात. मिळतात, कृषी विद्यापीठांच्या आणि खासगी प्रयोगशाळांतून मिळतात. पण गच्चीसाठी ढालकिडे विकत आणू नका असं माझं मत आहे, मोठे भुंगेरे सोडले की उडून जातात, आणि कुरियरमध्ये तीन दिवस बंद राहिलेला जीव कसा येतो ते मी एकदा उघडून बघितलंय, परत नाही. ट्रायकोकार्डची गोष्ट वेगळी, ते खरंच उपयोगाचं आहे, पण शेताला. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी, ती पतंगांच्या अंड्यातच अंडं घालते, म्हणजे अळी जन्माला येण्याआधीच संपते. प्रयोगशाळेत तिला तांदळाच्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात आणि ती अंडी पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर चिकटवतात, एका कार्डावर 20,000 च्या आसपास. पट्ट्या कापून पानाखाली टाचायच्या, संध्याकाळी. वांग्यावरच्या शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी शेतकरी वापरतात. माझी वांग्याची झाडं पाच, मी सुकलेला शेंडा दिसला की कापून चिरडते, झालं.

विकत आणण्यापेक्षा बोलवा. आणि बोलवायचं म्हणजे फुलं पाहिजेत. सिरफिड माशीची अळी मावा खाते पण माशी स्वतः मध आणि पराग खाते, परोपजीवी गांधीलमाश्यांचंही तेच, आणि यांची तोंडं छोटी असतात, जास्वंदीच्या खोल फुलात त्यांचं काही होत नाही. त्यांना शेपू, कोथिंबीर, बडीशेप, मोहरी अशी बारीक उघडी फुलं लागतात. आई पहिल्यांदा माझ्या गच्चीत आली तेव्हा कळवळली, "कोथिंबीर फुलावर आली, शेपू गेला की गं सगळा, वेळेवर कापायचा नव्हता का?" मी तिला पाटावर बसवलं आणि म्हणलं थोडा वेळ नुसतं बघ. शेपूच्या पिवळ्या छत्रीवर अर्ध्या तासात तिने सिरफिड माश्या मोजल्या, तिच्या मते नऊ, मला सातच दिसल्या होत्या. आता ती गावाकडे परसात शेपूचा एक वाफा तसाच सोडते.

मुंग्यांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. त्या माव्याचा आणि पिठ्याचा गोड चिकटा पितात आणि त्याबदल्यात त्यांची राखण करतात, ढालकिड्याची अळी आली की चावून खाली पाडतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय, एका अळीला तीन मुंग्यांनी ओढत नेलं. मुंग्या मारायची गरज नाही, वाट बंद केली तरी पुरतं. मी जास्वंदीच्या खोडाला आधी जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळते आणि त्या पट्टीवर ग्रीस लावते, सालीला लावत नाही. आणि फांदी भिंतीला टेकलेली नाही ना ते बघते, नाहीतर मुंग्या तिकडून येतात. पिवळे चिकट सापळे मी काढून टाकले, त्यावर पांढरी माशी अडकते तशा माझ्या गांधीलमाश्याही अडकत होत्या.

गांधीलमाश्यांचं काम बघायचं असेल तर माव्याच्या गर्दीत भिंगाने एक फुगलेला, सोनेरी-तपकिरी, न हलणारा मावा शोधा. मोहरीच्या दाण्यासारखा टच्च, पानाला डकवल्यासारखा. तो मेलेला आहे, नुसती टरफल उरलीय. माशीने त्याच्या अंगात एक अंडं घातलं, त्यातल्या अळीने आतून त्याला खाल्लं आणि आता ती आत कोष करून बसलीय. नशीब असेल तर पाठीच्या मागच्या बाजूला एक भोक दिसेल, कंपासने काढावं तसं गोल, कधीकधी त्या भोकाचं झाकण अजून एका कडेला लटकत असतं, डब्याचं झाकण उघडून कुणी बाहेर गेल्यासारखं. गेल्या जानेवारीत वालाच्या एका पानावर मी अशी छत्तीस टरफलं मोजली, त्यातल्या एकोणतीस उघडलेल्या होत्या.

पपई ज्यांच्या दारात आहे त्यांना तर या माश्यांचे उपकार माहीत असायला हवेत. 2008 साली कोइमतूरकडे पपईवर बाहेरून आलेला एक पिठ्या ढेकूण दिसला आणि दोन वर्षांत त्याने दक्षिणेत हाहाकार केला, पुण्याच्या बाजूलाही पोचला, तुती, जास्वंद काही सोडलं नाही. औषधं त्याच्या मेणावरून ओघळून जायची. 2010 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या इवल्या गांधीलमाश्या आणवल्या, तपासल्या, वाढवल्या आणि राज्याराज्यांत वाटल्या. काही महिन्यांत झाडं पांढऱ्यातून बाहेर आली. माझा क्रिप्टोलेमसही तसा परदेशीच, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणला गेला, आणि आज आपल्याकडे द्राक्ष-सीताफळाच्या बागांत सोडतात. पण बाहेरचा किडा आणणं हे फार जबाबदारीचं काम आहे, ते तपासणी करणाऱ्यांनीच करावं. युरोप-अमेरिकेत आशियातला एक ढालकिडा मावा खायला म्हणून सोडला आणि तो तिथल्या मूळच्या ढालकिड्यांनाच भारी पडला. म्हणून मला आपल्याच गच्चीत आपोआप आलेल्यांचं जास्त अप्रूप आहे.

---

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, सत्तरीच्या, त्यांचा घेवडा माझ्यापेक्षा सरस असतो. गेल्या बुधवारी त्यांनी गॅलरीतून हाक मारली, "अगं, मावा पडलाय बघ, नातवाला औषध आणायला सांगितलंय." मी म्हणलं काकू, आजचा दिवस थांबा, मी येते.

माझ्या चवळीच्या कुंडीत सुसरीची पिल्लं भरपूर होती या वेळी. एक शेंडा कापला, माव्यासकट, म्हणजे वाटेत उपाशी राहायला नकोत, श्रीखंडाच्या डब्यात ओला कागद घालून त्यावर ठेवला, आणि जिने उतरून रस्ता ओलांडून काकूंच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. आठ अळ्या होत्या. काकूंनी चष्मा लावला, डबा उघडला आणि म्हणाल्या, "बाई गं, ह्या?" मी भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग स्वतःच शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि आम्ही तो शेंडा घेवड्याच्या वेलाला बांधला, मी धरलं, त्यांनी गाठ मारली. बांधताना मी पान उलटं केलं तर खालच्या अंगाला पिवळ्या अंड्यांची एक जुडी होती, काकूंच्याच घेवड्यावर, माझ्या अळ्यांच्या आधीची.

औषधाची बाटली आणलेली आहे, सील न फोडता फ्रिजवर ठेवलीय. आज पाचवा दिवस. काकू रोज सकाळी फोन करतात. काल म्हणाल्या सहाच दिसताहेत, दोन कुठे गेल्या कोण जाणे, आणि मावा आहे तेवढाच आहे. आज म्हणाल्या अंड्यांतून काहीतरी काळं काळं बाहेर आलंय, खूप आहेत, मोजता येत नाहीत, तू ये बघायला.